मुक्कामी गाडीच्या कंडक्टरचा विनोदी अंक: लिहिलंय झकास, पानं लावताना घात झालाय

गेल्या दिवाळीला आमच्या कॉलनीतल्या एका काकांनी स्वतःचा अंक काढला. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होते, रिटायर झाले आणि वहीत लिहून ठेवलेले सगळे किस्से एकत्र करून ४८ पानांचा छोटा अंक छापून घेतला, किंमत ८० रुपये, सगळे लेख त्यांचे आणि आतली चित्रंही त्यांनीच बॉलपेनने काढलेली. नाव कुठे टाकू नकोस म्हणालेत म्हणून टाकत नाहीये, अंकाचंही सांगत नाही कारण त्यात त्यांचं आडनाव आहे. मी १८ वर्षं डीटीपी करते, म्हणजे कम्प्युटरवर छपाईची पानं लावते, दरवर्षी दसऱ्याच्या आधी दोन-तीन दिवाळी अंकांची पानं माझ्या हातून जातात, त्यामुळे अंक हातात आला की मजकूर आणि मांडणी दोन्ही एकदमच दिसतात मला, वेगळं काढता येत नाही. हा अंक मी लावलेला नाही, दुसरीकडे झालाय, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आधी निकाल सांगते. मजकूर ८० रुपयांत फुकट आहे असं समजा. ११ लेख आहेत, त्यातले ६ चांगले, २ तर असे की मी दुसऱ्या दिवशी कामावर मोठ्याने वाचून दाखवले आणि मशीनवरच्या पोरांनी मशीन थांबवून ऐकले. मांडणीने मात्र काकांचं नुकसान केलंय, आणि मला वाईट त्याचंच वाटतंय, कारण विनोदी लेखनात पान कसं लावलंय यावर अर्धा विनोद असतो. गंभीर लेख वाकडातिकडा लावला तरी माणूस तो वाचतो, समजून घेतो. विनोदाचं तसं नाही, वेळ चुकली की गेला.

सगळ्यात चांगला लेख मुक्कामी गाडीवरचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुक्कामी म्हणजे संध्याकाळची शेवटची गाडी जी आडगावात जाऊन रात्रभर तिथेच थांबते आणि पहाटे पहिली फेरी म्हणून परत निघते, ड्रायव्हर कंडक्टर दोघं गाडीतच नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात झोपतात, कॅशची बॅग उशाला. काकांची ही ड्यूटी पाटण तालुक्यातल्या एका वाडीत होती. तिथे रोज रात्री एक लहान पोरगा फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि कालवण आणून द्यायचा. कुणाच्या घरून येतं ते विचारलं की पोरगा म्हणायचा आईनं दिलंय, आणि पळून जायचा. काका जेवायचे, फडकं झटकून परत द्यायचे आणि वर निरोप पाठवायचे, आईला म्हणावं उद्या जरा मीठ टाक. हे रोज. कधी भाजीला मीठ कमी, कधी आमटीला. आठ महिने हा निरोप चालू, आणि त्या बाईला काकांनी एकदाही बघितलेलं नाही. मग एके दिवशी पहाटेच्या फेरीला वाडीतूनच एक बाई चढली, बाजाराला निघालेली, काका तिकिटांची पेटी घेऊन तिच्यासमोर गेले आणि विचारलं कुठं जायचं. तिने कमरेची पिशवी सोडली, त्यातून कागदाची एक पुडी काढून शांतपणे त्यांच्या तिकिटांच्या पेटीत ठेवली. मिठाची पुडी. आणि म्हणाली, "पाटण. एक फुल."

लेख तिथेच संपतो. पुढे एक अक्षर नाही. हे जमायला काय लागतं ते लिहिणाऱ्यालाच कळेल, कारण पुढे लिहायचा मोह भयंकर असतो, की मग सगळी गाडी हसली, मग मी खजील झालो, मग तिची माफी मागितली. काकांनी यातलं काहीच लिहिलेलं नाही. आणि आधीच्या दोन पानांत त्यांनी त्या पोराचं पळणं, फडक्याची गाठ, गाडीच्या टपावर पडणारा पाऊस, पहाटे चार वाजता ड्रायव्हरने इंजिन गरम करायला ठेवणं असं सगळं इतकं बारीक सांगितलंय की आपण त्या मिठाच्या निरोपाकडे नुसती सवय म्हणून बघायला लागतो, त्यातून काही होणार आहे हे डोक्यातही येत नाही. वाचताना मला कुठेही वाटलं नाही की हा माणूस मला हसवायला बसलाय. तो आपला गाडीतलं सांगतोय.

आता घात कुठे झाला ते बघा. लेख पान २० ला सुरू होतो आणि २३ च्या तळाला संपतो. २२ आणि २३ समोरासमोर येतात, म्हणजे पान उलटलं की दोन्ही एकदम डोळ्यांसमोर. आणि २२ च्या वरच्या अर्ध्या पानावर काय लावलंय तर काकांचं चित्र, बाई पेटीत पुडी ठेवतेय, पुडीवर "मीठ" असं लिहिलेलंसुद्धा आहे, आणि चित्राखाली ओळ, "घ्या तुमचं मीठ!" म्हणजे वाचणारा अजून पोराच्या फडक्यापाशी आहे आणि त्याला शेवट कळून चुकलाय. मी स्वतः असाच वाचला पहिल्यांदा, चित्र आधी दिसलं, आणि नंतरची दोन पानं मी फक्त आता येईल मग येईल करत वाचली. घरी आमच्या ह्यांना मी तोच लेख चित्र हाताने झाकून वाचायला दिला, ते "एक फुल" ला असे हसले की चहा सांडला. एकच लेख, तेच शब्द.

ज्यांनी लावला त्यांचा हेतू वाईट नव्हता, चित्र रिकाम्या जागेत बसलं म्हणून बसवलं. पण आपल्याकडे या गोष्टीची केवढी मोठी शाळा आहे! आवाजचा दिवाळी अंक घ्या, मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केला, त्यातली खिडकीचित्रं ज्यांनी लहानपणी चोरून बघितलीत त्यांना सांगायला नको. पानाला चौकोनी खिडकी कापलेली, त्यातून मागच्या चित्राचा एवढासाच तुकडा दिसतो, आपण भलतंच काहीतरी समजतो, पान उलटतो आणि मागे अगदी साधासुधा प्रसंग निघतो. सगळी गंमत कशात आहे तर काय दाखवायचं नाही यात, आणि ते कधी दाखवायचं ते तुमच्या बोटावर सोडलंय, पान तुम्ही उलटायचं. कागद कापून वेळ साधलीय त्यांनी. काकांच्या अंकाला खिडकी कापायची गरज नव्हती, चित्र नुसतं उलटल्यानंतरच्या पानावर ढकललं असतं तरी काम झालं असतं.

आणि चित्राखालची ओळ तर हवीच कशाला. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी आयुष्यभर शब्दांशिवाय हसवलं लोकांना, चित्राखाली काही लिहिलेलं नाही आणि तरी मराठी न येणारा माणूससुद्धा हसेल. काकांचा हात तसा तयार नाहीये, माणसांचे पाय त्यांना जमत नाहीत आणि एसटी दरवेळी एका बाजूला कललेली येते, पण चेहरे फार चांगले येतात. त्या बाईचा चेहरा बघा, ओठ घट्ट मिटलेत आणि डोळे सरळ कंडक्टरवर. त्या चेहऱ्यात सगळं आलंय, खाली ओळ लिहून त्यावर पाणी ओतलंय.

बहुतेक सगळ्या चित्रांखाली अशी ओळ आहे. मी काकांना विचारलं तर म्हणाले पानं लावणाऱ्या दुकानातल्या माणसाने सांगितलं की लोकांना कळायला पाहिजे.

चित्रांचं दुसरं दुखणं म्हणजे ती पुसट आणि चौकटी चौकटी दिसतायत. कारण मला बघताक्षणी कळलं, नातवाने मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सॅपने पाठवले. व्हॉट्सॅप फोटो बारीक करतं हो, स्क्रीनवर छान दिसतात पण छापायला घेतले की फुटतात. एक तर स्कॅन करा, नाहीतर फोटोच पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे आहे तसा जातो. मूळ चित्रं मी पाहिलीत, निळ्या बॉलपेनची, काही तर जुन्या वेबिलच्या, म्हणजे कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदाच्या, पाठीमागे काढलेली, रेघ काय सुंदर आहे त्यातली. ते वेबिलचे छापील रकाने मागून हलकेच दिसतात तेसुद्धा तसेच ठेवायला पाहिजे होते. अंकात सगळं काळं करडं झालंय.

आता अक्षरांबद्दल, आणि इथे मी जरा चिडून लिहिणार आहे. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला होता, लावणाऱ्याने तो जुन्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करून घेतला आणि त्यात मराठीचा तो चंद्रकोरीसारखा अर्धा र, म्हणजे दुसऱ्या, तिसऱ्या, वाऱ्यावर मधला, तो सगळीकडे मेला. युनिकोडमध्ये त्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो, कन्व्हर्टरला ते ओळखता नाही आलं की तो सरळ वर रफार देऊन मोकळा होतो. मग "दुसर्या", "तिसर्या", "पायर्या". हे वाचून घेता येतं एकवेळ. पण काकांचा एक लेख आहे लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाडीवर, स्पेशल गाडी बुक केलेली, त्यात शेवटच्या सीटवर लग्नातल्या आचाऱ्यांना बसवलं आणि त्यांनी मसाल्याचं पोतं गाडीत सोडलं अशी गंमत आहे. छापलंय काय, "शेवटच्या सीटवर आचार्यांना बसवलं". आचारी कुठे आणि आचार्य कुठे! मी दोन ओळी पुढे जाईपर्यंत कुणी महाराज प्रवास करतायत असं समजून वाचत होते, मग पोत्याचा उल्लेख आला तेव्हा मागे आले. मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं की विनोद संपला. आणि ते वऱ्हाडसुद्धा "वर्हाड" झालंय. प्रूफ वाचायला कुणाला तरी द्यायला हवं होतं, एक वाचन बस झालं असतं.

ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. याला काय फरक पडतो असं म्हणणारे खूप भेटतात मला रोज. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा लिहायचा असं सरकारने २०२२ च्या नोव्हेंबरमधल्या निर्णयात लिहून ठेवलंय, पण निर्णय राहू द्या, आपण लहानपणी पाटीवर जो ल काढला तो डोळ्यांना घरचा वाटतो की नाही? काकांची भाषा सातारी, "काय ओ, सुट्टं काढा की", ती त्या परक्या वळणाच्या अक्षरात वाचताना कुठेतरी खटकतं. मुक्त किंवा बालू हा फॉन्ट घेतला असता तर एक रुपया लागला नसता, दोन्ही 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांनी केलेले, फुकट मिळतात. अंगच्या मजकुराला मुक्त आणि लेखांच्या नावांना बालू, त्या गुबगुबीत अक्षराला विनोदी अंकात शोभा येते. बालूमध्ये सगळा मजकूर नका लावू पण, दोन पानांत डोळे दुखतात.

लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, तेही फार कमी ठेवलंय. ११ पॉइंटाचा टाइप आणि १२ चं लीडिंग, हे इंग्रजीला एकवेळ चालेल, देवनागरीला वर वेलांट्या मात्रे आणि खाली उकार असतात, वरच्या ओळीचे उकार खालच्या रफारात घुसतात. वाचणारे निम्मे काकांच्याच वयाचे आहेत. कमीत कमी १६ पाहिजे होतं. पानं वाढली असती हे खरं आहे, पण वाढवायला जागा होती, सांगते पुढे.

मुखपृष्ठ पिवळं धमक, मध्ये तो नेटवरचा दात काढून हसणारा गोल चेहरा, वर कमानीसारखं वाकवलेलं नाव. बाहेरून बघितलं तर आतमध्ये व्हॉट्सॅपचे जोक असतील असंच वाटतं आणि म्हणूनच स्टॉलवर पडून राहिला असणार. या माणसाकडे ३१ वर्षांचं असं सामान आहे जे दुसऱ्या कुणाकडे नाही. तिकिटाचं मशीन यायच्या आधीची छापील तिकिटं त्यांनी डब्यात ठेवलीत, पंच मारलेली, मी हातात घेऊन बघितली, कागद इतका पातळ की मागचं बोट दिसतं. एक तिकीट मोठं करून मुखपृष्ठावर घेतलं असतं, आणि पंचच्या जागी खरंच भोक पाडलं असतं, डाय पंचिंगचा थोडा खर्च येतो पण ३०० प्रतींना होऊन जातं, आणि त्या भोकातून आतल्या पानावरच्या चेहऱ्याचा एक डोळा बघतोय. लोकांनी स्टॉलवर उचलूनच बघितला असता.

आता लेखनातलं जे मला पटलं नाही ते. बायकोवरचे दोन लेख काढून टाकावेत असं माझं स्पष्ट मत आहे. साडी, मेकअप, माहेर, हेच सगळं, आपण शंभर वेळा ऐकलेलं. काकू कशा आहेत ते मला माहीत आहे, त्या लेखातली बाई त्या नाहीतच. गंमत म्हणजे याच अंकात दुसऱ्या एका लेखात एक ओळ सहज येऊन जाते, पहाटे तीनला डबा करताना काकू कुकर लावत नाहीत, शिट्टीने शेजारी उठतील म्हणून, सगळं पातेल्यात शिजवतात, आणि काका निघाले की दार लावून पातेल्यांवरच राग काढतात त्याने शेजारी उठतात. ही खरी काकू. गाडीतल्या प्रत्येक माणसाकडे त्यांनी इतकं नीट बघितलंय, घरी आल्यावर मात्र ऐकीव लिहिलंय.

सुट्ट्या पैशांवरचा लेख चांगला असून बिघडवलाय. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देतो आणि उतरताना घ्या म्हणतो, माणूस विसरतो. असाच एक माणूस नऊ वर्षांनी लग्नाच्या पंगतीत काकांच्या शेजारी बसला आणि पाकिटातून तिकीट काढून पुढे केलं, मागे "बाकी २" आणि काकांचीच सही. एवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. त्यानंतर काका लिहितात की हे ऐकून सगळी पंगत पोट धरधरून हसली, पुढे तीन उद्गारचिन्हं, मग आपण पैसे वेळेवर द्यावेत असा उपदेश. मिठाची पुडी ज्याने लिहिली त्यानेच हे लिहिलंय यावर विश्वास बसत नाही. बहुतेक त्या लेखाच्या वेळी त्यांना आपल्या वाचकाचा भरवसा वाटला नसेल.

वयाच्या सवलतीवरचं छोटं टिपण मात्र फर्मास आहे. आधी लोक कंडक्टरसमोर वय लपवायचे, ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ च्या वरच्यांना एसटी फुकट झाली आणि तेव्हापासून लोक वय वाढवायला लागले. शेजारच्या सीटवरच्या एका आजोबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं भांडण, मोठा कोण यावरून, आयुष्यभर धाकटा भाऊ मान देत आला आणि आता म्हणतो मीच मोठा. पाऊण पानात संपलंय. कमी शब्दांत काका जास्त चांगले असतात, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

पान ४० आणि ४१ वर एसटीची माहिती आहे, १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली गाडी सुटली वगैरे. माहिती बरोबर आहे, पण ती प्रत्येक वर्धापनदिनाच्या बोर्डावर असते, काकांनी ती लिहायची गरज नाही. तीत काकांचा स्वतःचा एक शब्द नाही. ही दोन पानं आणि बायकोवरची सात पानं काढली की नऊ पानं मोकळी होतात, लीडिंग वाढवायला मी म्हटलं ना जागा आहे, ती ही.

जाहिराती चार आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये मनोरंजन मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा जाहिरातींवर उभी आहे, एकट्या माणसाने स्वतःच्या पेन्शनमधून अंक काढला तर चार जाहिराती घेणारच. पण पॅथॉलॉजी लॅबची जाहिरात वऱ्हाडाच्या लेखाच्या ऐन मधे कशाला? शेवटी एका पानावर चारही घ्यायच्या.

कागद ७० जीएसएम मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा, मधे पिन मारलेली, बाइंडिंग मजबूत आहे, माझी प्रत आता सात घरं फिरून आलीय आणि एक पान सुटलेलं नाही. त्याबद्दल छापणाऱ्याला पूर्ण मार्क.

घ्यायचा का, तर घ्याच. मुक्कामी गाडी आणि पंचाहत्तरीवाले आजोबा, एवढ्या दोघांसाठी ८० रुपये वसूल. फक्त पान २१ संपलं की २२ चा वरचा भाग हाताने झाका, मग वाचा.

हे सगळं मी काकांना घरी जाऊन सांगितलं. बायकोवरच्या लेखांचं सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, काकू आतून म्हणाल्या बरं झालं कुणीतरी बोललं. दुसरी आवृत्ती काढायची ठरलीय, पानं मी लावणार आहे, पैसे घेणार नाही. गेल्या रविवारी मुक्कामी गाडीचा लेख नवीन फॉन्टमध्ये लावून प्रिंट काढली, दोन्ही बाजूंनी, मधे पिन मारून, आणि नेऊन दिली. काकांनी चष्मा लावला, वाचत वाचत २३ च्या तळाला आले, तिथे शेवटची ओळ आहे, तिने कमरेची पिशवी सोडली. पुढे पान संपलं. वर बघून म्हणाले, "अगं पोरी, चित्र कुठं गेलं माझं?"

मी म्हटलं, काका, पान उलटा.